नग एक

महापे, एमआयडीसी, तिसरा मजला.
कंपनी बंद होऊन साडेआठ महिने झाले होते
आणि मला यादी तपासायला बोलावलं होतं,
दोन दिवसांच्या मजुरीवर, चहा धरून.

फिरत्या खुर्च्या, नग एकवीस. पैकी दोन लंगड्या.
थंड पाण्याचं यंत्र. भिंतीवरचं घड्याळ, बंद.
शेवटून तिसरी ओळ, माझ्याच अक्षरात:
कृत्रिम शोभेचं झाड, कुंडीसह, नग एक.

सहा वर्षं मी त्याच्या शेजारी बसले.
दर शनिवारी पिवळ्या फडक्याने
आधी कॉम्प्युटर पुसायचा, मग त्याची पानं.
इतकी चकचकीत, इतकी एकसारखी,
जाड दांड्याच्या दोन्ही अंगांना शिवून काढल्यासारखी.
कुणीतरी प्लास्टिक म्हणालं आणि ते प्लास्टिक झालं.
उरलेलं पाणी, गार झालेला चहा
जाता जाता सगळे त्यातच ओतायचे.
प्लास्टिकला काय होतंय!

आता तावदानांवर ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ,
तिच्यातून गाळून आलेला उजेड,
आणि कुंडीच्या मधोमध
एक पोपटी कोंब,
न उघडलेली पानं अंगाशी घट्ट आवळून.

मी टाचणीने एका जुन्या पानाची कड टोचली.
पाणी आलं.
टाचणी परत डबीत ठेवली.
बराच वेळ लंगड्या खुर्चीवर बसून राहिले.

यादीत काही खोडलं नाही.
भंगारभाव: शून्य. खाली सही.
साहेब फोनवर म्हणाले, न्या की,
त्या प्लास्टिकला कोण विचारतंय.

बसमध्ये मांडीवर कुंडी.
कंडक्टर म्हणाला, याचं हाफ काढू का?

घणसोलीच्या नाल्याकडेला हसुराम भगतची नर्सरी.
त्याने पान नाही पाहिलं आधी.
कुंडीवर बोटाची गाठ वाजवली, एका बाजूने चाचपली.
‘बघ, पोट आलंय हिला.’
खरंच, प्लास्टिकची कुंडी तिथे फुगली होती.
त्याने कोयत्याने ती उभी चिरली
आणि मातीतून बाहेर आले
बटाट्याएवढे कंद, एकमेकांना रेलून,
गच्च, तपकिरी, थंडगार.
‘तुमचा सगल्यांचा पानी यानी हितं ठेवलाय.’

नाव?
‘झीझी म्हनतान. खरा नाव लांब हाय,
माझे तोंडान बसत नाय. झांझिबारकरचा झार.’
झांझिबार मला माहीत होतं फक्त
मसाल्याच्या दुकानातल्या लवंगांच्या बरणीवरून.
तिकडे म्हणे पाऊस येतो आणि मग विसरतो.

‘चकाकीवर जाव नको. पान जाडा, दांडा जाडा,
खाली कंद. तिन्ही बघ, मंगच नाव घे.
यो सुकून मरत नाय.
मानसा मारतान याला, मायेनी, रोज पानी घालूनशी.’
आणि पैसे परत देता देता:
‘चीक लागला त हात धू. पोराचे तोंडान पान जाव देव नको.’

सहा वर्षं मी खातेवही लिहिली तिथे.
कुठे काय साठतंय ते मला कळतं,
असं मला वाटायचं.

आता ते आमच्या खोलीत, कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये.
ऊन पोचत नाही, मीही फारशी पोचत नाही.
महिन्याच्या एक तारखेला पाणी,
पगार होवो न होवो.

स्थलांतरात एक पान गळलं होतं.
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून
उभं खोचून ठेवलं, भगतच्या सांगण्यावरून.
एक महिना, काही नाही.
तीन महिने, काही नाही. तसंच हिरवं, तसंच चकचकीत,
शेजारच्या तन्वीरा म्हणाल्या, हे मात्र नक्की खोटंय.

काल रात्री, सगळे झोपल्यावर,
दोन बोटांत धरून हळूच ओढलं.

आलं नाही.
खालून कुणीतरी धरलं होतं.